ळचं गाव

दर शनिवारी एक अक्षर, असं ठरलं होतं.
शुक्रवारी रात्री यामी चिठ्ठी काढायची
बिस्किटांच्या रिकाम्या डब्यातून,
आणि सकाळी आम्ही त्या अक्षराला फिरायला न्यायचो.

ख निघाला तेव्हा मम्बल्सच्या धक्क्यावर गेलो.
दोरीला बेकनचा तुकडा बांधून
तासभर फळ्यांवर पालथे पडलो.
एकच खेकडा आला. बादलीत यामीनं
त्याला त्याचा पुठ्ठ्याचा ख दाखवला,
तर त्यानं खचं पोट नांगीत धरलं ते सोडेचना.
शेवटी खसकट पाण्यात सोडला.
'त्याचाच होता,' ती म्हणाली.

त तिसऱ्यांचा, स्वॉन्सीच्या बाजारात.
पांढऱ्या कोटातल्या मावशींनी व्हिनेगरची बाटली दिली,
यामीनं कागदी पिशवीवर ओला त काढला.
दप्तराला अजून वास येतो.

भला भरती हवी. वेळापत्रक बघून
वाळूत भ काढला, होडीएवढा,
आणि पोळीभाजीचा डबा उघडून बसलो
समुद्राला वाचता येतं का बघत.
आधी दांडा गेला, मग गाठ,
डोक्यावरची तुटकी रेघ सगळ्यात शेवटी.
'आला वाचता,' यामी म्हणाली, 'पण खालून वर वाचतो.'

ङ आणि ञ मी डब्यातून आधीच काढून टाकले होते,
गुपचूप. चार वर्षांच्या मुलीपुढे
बापानं किती वेळा हरायचं?
ळ मात्र राहून गेला.

तो निघाला नोव्हेंबरात.
मी म्हटलं, ळ बाळाचा.
ती म्हणाली, तो ब.
केळ्याचा?
क.
शाळेचा?
श. बाबा, तो पहिला कुठे येतो ते सांग ना.

कुठेच नाही गं.
ळ शब्दाच्या मध्ये बसतो,
नाहीतर रांगेच्या टोकाला उभा राहतो
आपल्या आडनावात राहतो तसा.
(नर्सरीच्या खुंटीवर तर तिथूनही गळतो,
धुमाळचं धुमल होतं.
हॉस्पिटलच्या फोनवर मीही तसंच सांगतो,
बारा वर्षं, स्पेलिंगसकट.)

यामीला वाईट वाटलं, ळसाठी.
चिठ्ठी उशीखाली ठेवून झोपली.
त्या शनिवारी आम्ही कुठेच गेलो नाही.

सोमवारी नर्सरीच्या दारातूनच ओरडत आली.
नेरिसबाईंनी वेल्श अक्षर शिकवलं होतं:
दोन एल, शेजारीशेजारी, दोन काठ्यांसारखे.
जीभ टाळूला टेकवायची आणि बाजूनं वारा सोडायचा,
मांजर फिस्कारतं तसा.
मी करून पाहिलं. थुंकी उडाली.
ती पोट धरून हसली, मग गंभीर झाली.
'बाबा, हा इथला ळ आहे.
आणि त्याला पहिलं उभं राहता येतं.
त्याचं गावसुद्धा आहे!'

तो ळ नव्हे. मला माहीत आहे.
तिची आई म्हणाली, भाषाशास्त्र राहू दे,
तिकिटं काढ.

ट्रेननं वीस मिनिटं, खिडकीबाहेर
खाडीचा चिखल आणि त्यात रुतलेले बगळे.
('बगळा! पण तो ब.')
फलाटावर उतरल्यावर यामीला खांद्यावर घेतलं.
तिनं पाटीवरच्या पहिल्या दोन अक्षरांवर
चिकटपट्टीनं चिठ्ठी लावली,
जराशी तिरकी.
काठी टेकत जाणारी एक आजी थांबली,
मान वाकडी करून बघत राहिली.
यामीनं बोट ठेवून वाचून दाखवलं:
'ळानेळी.'
आजींनी तिचं बरोबर आहे असं
पूर्ण विचारांती सांगितलं.

चिठ्ठी काढून घ्यायची राहिली.
परतीच्या गाडीत, केळं सोलताना, माझ्या लक्षात आलं.
'असू दे,' तोंड भरलेलं असतानाच ती म्हणाली,
'आत्ताच तर त्याचा पहिला नंबर आलाय.'